थुंकणारा साव, फुंकणारा चोर

मी बिडी ओढतो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचायचं की नाही ते तुम्हाला इथेच ठरवता येईल. चौतीस वर्षं मास्तरकी केली, त्यातली बरीचशी नाशिक जिल्ह्यातल्या हरसूल आणि आसपासच्या पाड्यांवर, आणि जवळजवळ तेवढीच वर्षं बिडी ओढली. सकाळी उठलो की आधी खोकला उठतो. वाघेऱ्याच्या घाटात एसटी बंद पडली तर पूर्वी चालत सुटायचो, आता दुसऱ्या गाडीची वाट बघतो. बिडीतून सिगारेटपेक्षा जास्त टार आणि जास्त कार्बन मोनॉक्साइड छातीत जातो, हे मला ठाऊक आहे. मी विज्ञानच शिकवायचो. तेव्हा बिडीची वकिली करायला मी बसलेलो नाही. माझी तक्रार आहे ती तुमच्या नाकाबद्दल. ते कुणासमोर मुरडतं आणि कुणासमोर सरळ राहतं, त्याबद्दल.

नोकरीत असतानाची गोष्ट. एका शाळेत तंबाखूमुक्तीची शपथ होती. तंबाखूविक्रीबंदीची शंभर यार्डांची हद्द दाखवणारी पिवळी रेघ रस्त्यावर ताजी मारलेली, पोरं उन्हात हात पुढे करून उभी, आणि शपथ सांगायला तालुक्याहून आलेले एक साहेब. साहेबांचा उजवा हात पुढे होता. त्या हाताच्या अंगठ्याच्या नखात चुना होता. खालच्या ओठामागे गोळी असल्यामुळे ‘शपथ’ हा शब्द ‘फपथ’ असा येत होता, आणि पहिलीतली पोरं इमानदारीने ‘फपथ’च म्हणत होती. कार्यक्रम उरकल्यावर साहेबांनी नळाशेजारच्या कोपऱ्यात पिचकारी मारली, रुमालाने तोंड पुसलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, “गुरुजी, तुमच्या अंगाला बिडीचा वास येतो. मुलांवर काय संस्कार होतील?”

मी मान खाली घातली. खोटं कशाला बोलू, लाज वाटली. कारण त्याच्या आदल्याच वर्षी माझ्या वर्गातल्या एका पोराने सागाच्या वाळक्या पानाची सुरळी करून ती ऐटीत तोंडात धरलेली मी पाहिली होती, आणि ती ऐट कुणाची होती ते मला लगेच ओळखू आलं होतं. ती लाज माझी आहे, मरेपर्यंत राहील. पण साहेबांनी दिलेली लाज मी त्यांना साभार परत करतो.

आकडे बघा. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या प्रौढांपैकी २६.६ टक्के लोक कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेणारे निघाले. त्यात धूर काढणारे ३.८ टक्के. आणि मळणारे, चघळणारे, घासणारे, दाढेत धरणारे २४.४ टक्के. म्हणजे फुंकणाऱ्या एकामागे सहा चघळणारे. हे राज्य तोंडात तंबाखू धरून बोलतं आणि बिडीवाल्याला व्यसनी म्हणतं. गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. बंदी किती लागू आहे ते कुठल्याही सरकारी कचेरीचा जिना सांगेल. जिन्याच्या कोपऱ्यांना आता देवांच्या टाइल्स लावतात. गणपती, साईबाबा, मक्का-मदिना, क्रूस, सगळे धर्म तिथे एकोप्याने पिचकाऱ्या अडवायच्या ड्युटीवर. तेहतीस कोटींतल्या कुठल्याच देवाला बिडीच्या थोटकापायी असली रखवाली करावी लागलेली नाही.

तुम्ही म्हणाल, गुरुजी, चघळणारा स्वतःचं तोंड सडवतो, तुमचा धूर आमच्या नाकात येतो. मान्य. एकदम मान्य. सार्वजनिक ठिकाणी धूम्रपान करायचं नाही, हा नियम २००८ च्या २ ऑक्टोबरपासून नीट लागू झाला आणि तो योग्यच आहे. त्याआधी भरल्या एसटीत, मांडीवर तान्हं घेतलेल्या बाईच्या शेजारी बसून मी बिडी ओढलेली आहे. कंडक्टर काही बोलला नाही, बाई तर कशाला बोलेल! ती गोष्ट आठवली की आजही अंगावर काटा येतो. (गांधी जयंतीचा मुहूर्त कुणी काढला कोण जाणे. गांधीजींनी पोरवयात चुलत्याची थोटकं ओढली होती आणि बिडीसाठी नोकराच्या खिशातले पैसेही चोरले होते, हे त्यांनी स्वतःच आत्मचरित्रात लिहून ठेवलंय. त्यांच्या कबुलीसाठी कुणाला पिवळी रेघ मारावी लागली नाही.)

पण तोच कायदा जरा पुढे वाचा. २००३ च्या या कायद्यात तीस किंवा जास्त खोल्यांच्या हॉटेलात, तीस किंवा जास्त खुर्च्यांच्या रेस्टॉरंटात आणि विमानतळावर धूम्रपानासाठी वेगळी जागा ठेवायची सोय आहे. वाचलंत? तीस खोल्या. विमानतळ. हरसूलच्या स्टँडवर असली सोय कुठून येणार? इथे बायकांसाठी धड मुतारी मिळायची मारामार. म्हणजे ज्याच्याकडे विमानाचं तिकीट आहे त्याच्या धुराला काचेची खोली, आणि एसटीचं तिकीट आहे त्याच्या धुराला दोनशे रुपयांपर्यंत दंड. दोघांच्या फुप्फुसांत काय फरक आहे, ते मला कुणी विज्ञानाच्या भाषेत समजावून द्यावं.

आणखी एक गंमत. आपल्या आयुर्विमा महामंडळाकडे आयटीसी या सिगारेट कंपनीचे सुमारे १५ टक्के शेअर आहेत. तेच महामंडळ टर्म पॉलिसी विकताना धूम्रपान करणाऱ्याकडून वेगळा, चढा हप्ता घेतं. सिगारेट ओढली तर लाभांश त्यांना, ओढतो म्हणून जादा हप्ताही त्यांना. आमच्याकडे याला दोन्ही डगरींवर हात म्हणतात, आणि एरवी असा माणूस गावात बदनाम असतो.

आता अस्मितेकडे या. पुण्याच्या एका कारखान्याची बिडी कित्येक वर्षं संभाजी महाराजांच्या नावाने विकली जात होती. २०२० साली त्यावरून आंदोलन पेटलं, आणि अखेर नाव बदलून ती ‘साबळे बिडी’ झाली. नाव बदलायलाच हवं होतं, माझा त्याला विरोध नाही. पण इतका संताप, इतके मोर्चे, आणि त्या सगळ्यात ‘बिडीने माणसं मरतात’ हे वाक्य मला कुठे ऐकू आलं नाही. बंडलावरचं नाव गेलं, आतला ऐवज तोच. त्याच वर्षी सप्टेंबरात राज्याने सुट्या सिगारेटी-बिड्या विकायला बंदी केली. ग्राहकाने पाकिटावरचं चित्र बघावं, दचकावं आणि सोडावं असा हेतू. हेतू चांगला. आमच्या टपरीवर आजही एक सिगारेट मागितली की एकच मिळते, आणि पाकिटावरचं सडलेलं तोंड टपरीवाला एकटा बघत बसतो. तो सिगारेट ओढत नाही. मावा खातो.

आमचा हरसूलचा तालुका त्र्यंबकेश्वरचा. इथे दर बारा वर्षांनी सिंहस्थ भरतो. मागचा २०१५ ला झाला, पुढचा २०२७ चा अगदी दारात आलाय आणि रस्त्यांवर पैसा ओततायत. त्या मेळ्यात साधू चिलीम ओढतात. चिलमीत काय असतं ते पोलिसांना, पत्रकारांना आणि भाविकांना, सगळ्यांना माहीत असतं, आणि त्या पदार्थावर १९८५ च्या कायद्याने बंदी आहे हेही माहीत असतं. तरी परदेशी फोटोग्राफर गुडघे टेकून फोटो काढतात, जटांमधून वर जाणारा धूर पेपरच्या पहिल्या पानावर छापून येतो आणि खाली ओळ असते: साधनेत मग्न. तिथून पुढे हरसूलला या. आपट्याच्या पानात चिमूटभर तंबाखू वळून ओढत बसलेला कोकणा म्हातारा दिसला की त्याच पेपरचा वार्ताहर लिहितो: आदिवासी भागात व्यसनाधीनता वाढली. ज्या आपट्याला तुम्ही दसऱ्याला सोनं म्हणून एकमेकांच्या हातात देता, त्याच पानाची बिडी पूर्वी घरोघर वळत. आमच्या म्हाताऱ्याची साधना कुणाला दिसत नाही, कारण त्याच्याकडे जटा नाहीत, लंगोटी मात्र आहे.

तरीही हे सगळं मी गिळलं असतं. गिळवत नाही ते गिरणाऱ्याचं.

पेठ, सुरगाणा, हरसूल या पट्ट्यातली माणसं दिवाळीनंतर द्राक्षाच्या आणि टोमॅटोच्या कामाला नाशिककडे उतरतात. गिरणाऱ्याच्या नाक्यावर पहाटे माणसांचा बाजार भरतो. बागाईतदार येतो, दंड चाचपून बघावे तसं नजरेने माप घेतो, भाव ठरतो, पिकअपमध्ये माणसं कोंबली जातात. नोकरीच्या काळात गळती झालेली पोरं शोधत मी त्या नाक्यावर कितीदा गेलोय. तिथे मला एक गोष्ट कळली, जी चौतीस वर्षांत कुठल्या प्रशिक्षणात कळली नाही. मजुराला दिवसभरात दमून बसायचा हक्क नाही, पण बिडी प्यायला बसायची मुभा आहे. नुसता बसलात तर मुकादम ओरडतो, “काय रं, पाय मोडलं का?” बिडी पेटवून बसलात तर तोच म्हणतो, “चल, लवकर वढ.” त्या चार-पाच मिनिटांना घड्याळ नाही, करार नाही, कामगार कायदा नाही. त्यांच्या विश्रांतीचा एकुलता एक परवाना म्हणजे ती बिडी. माझ्याच एका जुन्या विद्यार्थ्याने मला सांगितलं की तो आधी ओढत नव्हता. बाकीचे बिडीला बसले की मुकादम त्याला म्हणायचा, “तू पीत नाही ना? मग त्या क्रेट उचल.” आठवडाभर क्रेट उचलल्यावर त्याने बंडल घेतलं. आता त्याला व्यसनमुक्तीचं पत्रक देणारे लोक येतात. पत्रकात फुप्फुसाचं चित्र असतं. क्रेटचं नसतं.

आणि याच लोकांना बागेचा मालक म्हणतो, ही जमात बिडी फुंकण्यात अर्धा दिवस घालवते. मालक स्वतः ओढत नाही. त्याच्या खिशात स्टीलची डबी असते, एका कप्प्यात तंबाखू, दुसऱ्यात चुना. त्याला काम थांबवावं लागत नाही, चालता चालता मळतो.

बिडीने जे मला दिलं तेही सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल हा नुसताच कडवट म्हातारा. नवीन बदली होऊन मी इथल्या एका पाड्यावर आलो तेव्हा माणसं माझ्याशी बोलत नसत. मास्तर म्हणजे सरकार, आणि सरकार म्हणजे काहीतरी न्यायला आलेलं. पंधरा दिवस गेले. मग एका संध्याकाळी, नागलीच्या रोपासाठी राब भाजत होते तिथे मी उभा राहिलो आणि काडी मागितली. एकाने राबातलंच जळकं लाकूड पुढे केलं. त्या निखाऱ्यावर बिडी पेटवताना त्याने विचारलं, “गुरुजी, पोरं खरंच शिकतील का?” तिथून पुढे मी मास्तर झालो. चहा मागितला असता तर त्याच्या घरात दूध आहे का, साखर आहे का, हा प्रश्न आला असता. काडी मागताना कुणाची गरिबी उघडी पडत नाही.

मात्र या भाईचाऱ्याची आरती ओवाळणाऱ्यांनी एक ध्यानात घ्यावं. चिलमीला गुंडाळायची ओली छापी जिथे ज्याची त्याची वेगळी असे, तिथे जात धुरातही फिरत होती. माझे वडील सांगत, आमच्या गावात पाटील महाराला बिडी द्यायचा, पण हातात नाही, वरून टाकायचा. ती बिडी झेलायची कसरत वडिलांनी डोळ्यांनी बघितलेली होती. धूर आपोआप माणसं जोडतो असं मी म्हणत नाही. २०१५ च्या जुलैत हरसूल दंगलीत पेटलं, दुकानं जळाली, पोलिसांच्या गाड्यांनी रस्ता भरला. नंतर कित्येक दिवस शेजारी शेजाऱ्याकडे बघत नव्हता. त्या काळात टपरीशी दोन तोंडं फिरवलेल्या माणसांमध्ये पहिला शब्द मी ऐकला तो “माचीस?” एवढाच. पुढे त्यांचं बोलणं झालं नाही. माचीस मात्र परत केली गेली, हातात.

बायकांबद्दल तर आपण अव्वल दर्जाचे ढोंगी. पहाटे उठून चुलीपुढे मिश्रीने दात घासणारी सासू सोज्वळ. ती सुनेला मिश्री भाजायला लावते, घर त्या उग्र वासाने भरून जातं, कुणी खिडकी उघडत नाही. पाड्यावरची आजी उंबऱ्यात बसून बिडी ओढते, नातू मांडीवर असतो. शहरातले पाहुणे तिला ‘किती मोकळी संस्कृती’ म्हणून मोबाइलमध्ये टिपतात. आणि नाशिकच्या कॉलेज रोडवर एखादी नोकरी करणारी मुलगी चहाच्या गाड्याशी सिगारेट पेटवते तेव्हा रस्त्यावरचे सगळे पुरुष तिचे फुप्फुसतज्ज्ञ होतात. तिच्या बाजूलाच दहा पुरुष ओढत असतात. त्यांचं आरोग्य देवाच्या हवाली.

निवृत्तीनंतर वर्षातले दोन महिने मी मुलाकडे नाशिकला असतो. त्याच्या सोसायटीच्या फळ्यावर लिहिलंय: आवारात धूम्रपान केल्यास ५०० रुपये दंड. सरकारपेक्षा अडीचपट. मुलगा प्रेमाने म्हणतो, “बाबा, खाली पार्किंगच्या मागे जाऊन या.” जातो. तिथे जनरेटरच्या आडोशाला एक जगच वसलेलं आहे. वॉचमन पेठ तालुक्यातला, त्याच्याशी माझी कुंडली पहिल्याच बिडीत जुळली. तिसऱ्या मजल्यावरचे बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ येतात. येताना हातात कचऱ्याची पिशवी, जाताना तोंडात वेलची. एक तरुण सीए येतो, फोनवर बोलतोय असं दाखवत. जिन्यात भेटलो तर आम्ही एकमेकांना ओळख देत नाही. लिफ्टमध्ये ते गृहस्थ वॉचमनकडे बघतही नाहीत. जनरेटरमागे मात्र त्याच्या काडीसाठी वाकतात. एकदा मी त्यांना विचारलं, “घरी माहीत आहे?” म्हणाले, “बायकोला चाळीस वर्षांपासून माहीत आहे. सोसायटीला कळता कामा नये.” त्याच सोसायटीत दिवाळीला असे फटाके उडाले की माझा खोकला आठ दिवस थांबला नाही. त्याचा फळा अजून कुणी लिहिलेला नाही.

हे लपवणं हसण्यावारी नेण्यासारखं नाही. नाशिकमधल्या एका दवाखान्यात पाड्यावरच्या एका म्हाताऱ्याला घेऊन गेलो होतो, महिनाभराचा खोकला. डॉक्टरांनी न बघताच विचारलं, “बिडी?” आवाज असा की म्हाताऱ्याने चटकन मान हलवली: नाही. माझ्यासमोर! आदल्या संध्याकाळी आम्ही दोघांनी एकाच काडीवर पेटवली होती. मी खरं सांगितल्यावर डॉक्टर त्याला म्हणाले, “मग मरायचंच ठरवलंय तर इथे कशाला आलात?” म्हातारा उठला आणि बाहेर जाऊन बसला. छातीचा फोटो काढायला तो तयार झाला तो पाच महिन्यांनी, आणि तेव्हा उशीर झाला होता. त्याला बिडीने मारलं, हे कागदावर खरं आहे. पाच महिने कुणी खाल्ले ते कागदावर नाही.

आता तुम्ही विचाराल, मग करायचं काय? सोपं आहे, फक्त धारिष्ट लागतं. बिडी इतकी वाईट असेल, आणि ती आहेच, तर ती वळूच देऊ नका. पण मग सिन्नर-संगमनेरच्या आणि सोलापूरच्या बायका हजार बिड्यांमागे मजुरी घेऊन संसार ओढतायत, त्यांना काय देणार ते सांगा. सोलापूरजवळ कुंभारीला विडी कामगार बायकांची दहा हजार घरांची वसाहत आहे, तिला नाव आमच्या शेजारच्या डहाणू-तलासरीत वारल्यांना उभं करणाऱ्या गोदूताई परुळेकरांचं. ती घरं बायकांनी भांडून मिळवली. कर्करोगाच्या पत्रकांनी नाही. गडचिरोली-गोंदियाचा तेंदू, निपाणीची तंबाखू, जिच्या भावासाठी १९८१ साली शेतकरी रस्त्यावर बसले आणि गोळीबारात मेले, या सगळ्यांना पर्याय द्या. ते जमत नाही. जमतं काय? सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी परिषदेने बिडीवरचा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आणायचा आणि तेंदूपत्त्यावरचा १८ वरून ५ वर आणायचा निर्णय घेतला. म्हणजे माल स्वस्त करायचा आणि ओढणाऱ्याला महाग पडेल असं बोलायचं. कारखान्याला हात लावता येत नाही, म्हणून ओढणाऱ्याच्या कानाला हात लावायचा.

मला सोडवायची असेल तर सोडवा. मी हात जोडून सांगतो, सोडवा. पण शेजारी बसून, माझ्याकडे बघून. गिरणाऱ्याच्या नाक्यावर नुसतं बसायला दहा मिनिटं मिळवून द्या, बिडी न पेटवता. आणि येत्या ३१ मे ला पुन्हा तंबाखूमुक्तीची शपथ होईल तेव्हा मी मागच्या रांगेत उभा असेन, खिशातलं बंडल घरी ठेवून. शपथ द्यायला जे साहेब येतील त्यांना एवढीच विनंती: आधी चूळ भरून या.